फळीखालचा मळ

"एकसष्ट!" बाई मोठ्यानं म्हणाली आणि काट्यावरून खाली उतरली. औषधाच्या दुकानाबाहेरच्या त्या वजनाच्या यंत्रापाशी वाकून तो बुटाची नाडी बांधत होता. तिच्या आधी तो स्वतःच चढून उतरला होता आणि चौऱ्याऐंशी हा आकडा गोळी चघळावी तसा तोंडात घोळवत होता. "म्हणून मी इथंच येते बघा," बाई त्याच्याकडे बघून हसली. "घरचा काटा मेला तोंडावर बोलतो. हा कसा, माणसात आहे." पिशवी उचलून ती चालू लागली. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वाईट नजरेनं नव्हे, धंद्याच्या नजरेनं. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर वीस वर्षं तो ट्रक मोजत होता. गाडी फाटकातून वळली की मागच्या स्प्रिंगचे पाटे किती दबलेत, टायरचं पोट किती फुगलंय एवढं बघून तो आकडा सांगायचा, आणि पन्नास किलोच्या पलीकडे कधी चुकायचा नाही. ड्रायव्हर लोक म्हणायचे, काटेवाल्याच्या डोळ्यातच काटा आहे. बाईच्या चपलांच्या टाचा बाहेरच्या बाजूनं झिजून सपाट झाल्या होत्या, पायऱ्या उतरताना तिचा गुडघा प्रत्येक पायरीवर दम खात होता. पंच्याहत्तर. एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. आणि यंत्र म्हणत होतं एकसष्ट. त्याच्या तोंडातल्या चौऱ्याऐंशीची चव एकदम बदलली, काहीतरी गिळलंय आणि ते जिवंत आहे असं वाटलं.

तो तसाच उकिडवा बसला आणि यंत्राच्या फळीखाली, पाय ठेवायच्या त्या लोखंडी पत्र्याखाली, त्यानं बोट घातलं. फळी आणि तळ यांच्यात बोटभर फट असायला हवी; माणूस चढला की फळी त्या फटीत दबते, तेवढंच सगळं शास्त्र. फटीत जागाच नव्हती. बोटाला आधी काहीतरी मऊ लागलं, मग केसाळ, मग चिकट. त्यानं ओढून काढलं. केस होते, बायकांचे लांब, पुरुषांचे आखूड, थुंकून टाकलेल्या च्युइंगमच्या गोळ्यांत रुतलेले. धूळ, पावसाचं पाणी, बुटांखालची घाण यांचा काळा लगदा. त्यात झुरळाचा एक पाय. सगळ्या शहराच्या तळपायांचा मळ इथं साठून दगड झाला होता आणि चढणाऱ्याचं बरंच ओझं तोच उचलत होता. हे त्याला माहीत नव्हतं? त्यालाच तर माहीत होतं! दर सोमवारी तो गाड्यांच्या काट्याखालच्या खड्ड्यात उतरायचा, गुडघाभर चिखल, डिझेलचा राडा, मेलेले उंदीर फावड्यानं उपसायचा, कारण खाली चिखल साठला की फळी त्यावर टेकते आणि काटा कमी दाखवतो, हे नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी शिकवायचा. कुणी कुरकुरला तर म्हणायचा, "काटा खोटं बोलत नसतो बाबा, खालची घाण बोलते." पाच महिने दर सोमवारी तो खड्डा उपसून, हातपाय धुऊन, बस पकडून इथं यायचा आणि या फळीवर चढायचा. पाच महिन्यांत एकदाही खाली वाकला नव्हता.

साडेनऊ वाजले होते. अकराला इस्पितळात वजन होतं. त्याच्या दादाची दोन्ही मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी गेली होती. आठवड्यातून तीनदा यंत्राला लावून त्याचं रक्त धुवावं लागे. हाताच्या शिरा एकापाठोपाठ एक बंद पडल्या आणि आता मानेतून नळी घातली होती. ती फार दिवस चालत नाही, हे डॉक्टरनं भिंतीकडे बघत सांगितलं होतं. वहिनीला साखरेचा आजार, मुलं लहान, आईवडील कधीच गेलेले. राहिला हा. रक्तगट जुळला, बाकीही जुळलं. जुळलं नाही ते एवढंच, की हा अठ्ठ्याण्णव किलो भरला. "पंच्याऐंशीच्या खाली या," डॉक्टर म्हणाले, "तुमचं काढताना तुम्हीच गेलात तर आम्ही काय तोंड दाखवायचं? पाच महिने देतो." त्या दिवशी इस्पितळातून निघून तो सरळ या यंत्रावर चढला होता. सुई अठ्ठ्याण्णववर थांबली. इथंही अठ्ठ्याण्णव, तिथंही अठ्ठ्याण्णव. खरा काटा सापडला म्हणून त्यानं यंत्राच्या खांबावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली होती. त्याचा हिशेब धंद्यातला होता. गाडी भरलेली मोज, रिकामी मोज, वजाबाकी कर. काटा दोन्ही वेळा तोच असला म्हणजे त्याचं खोटं आपोआप वजा होतं. जागा बदलायची नाही, काटा बदलायचा नाही. फक्त दोन वजनांच्या मधे फळीखाली काही साठता कामा नये, ही त्या वजाबाकीची अट तो सोयीनं विसरला. पंच्याण्णव, ब्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी. दर खेपेला तो दादाला फोन करायचा. दादाला फोनवर हुंदका यायचा आणि मग तो म्हणायचा, "ढोल्या, मरशील रे उपाशी." लहानपणापासून दादा त्याला ढोल्या म्हणायचा. आणि तो म्हणायचा, "तुझ्यासाठी एवढंही नको करू?"

उपाशी! बोटाचा मळ त्यानं भिंतीला पुसला, तरी नखात राहिला. वास घेऊ नये हे कळत असून त्यानं वास घेतला. उपाशी कोण होतं? दिवसा तो उकडलेल्या भाज्या खायचा, तेही काट्यावरच्या केबिनमध्ये, सगळ्या ड्रायव्हरांना दिसेल असं. "काटेवाले, गुरांचा चारा खाताय होय?" "भावाला किडनी द्यायचीय," तो म्हणायचा, आणि मग ड्रायव्हरांच्या तोंडावर जे यायचं ते भाजीबरोबर मिटक्या मारत खायचा. संध्याकाळी घरी बायको पावावर लोणी लावायची. जाड. सुरीनं टोकापर्यंत नेऊन, कोपरासुद्धा न सोडता. तोंडानं काही नाही, फक्त "दमलात ना आज," आणि ताटली पुढं. दादाला दे म्हणून ती कधी म्हणाली नाही, देऊ नको असंही म्हणाली नाही. ती लोणी लावत राहिली आणि तो खात राहिला, दोघांनी एकमेकांकडे न बघता. झोपेत ती त्याच्या बरगडीखाली, मागच्या बाजूला, जिथून काढणार होते तिथं, हात ठेवायची. तो हात त्याला कळायचा आणि तो झोपेचं सोंग घ्यायचा. सकाळी कमरेचा पट्टा पाच महिन्यांपूर्वीच्याच भोकात बसायचा. पट्टा काय बोलतो? चामडं आटलं असेल. माणसाला स्वतःला फसवायला फार मोठं काही लागत नाही, थोडं चामडं पुरतं.

रस्ता ओलांडून तो मोठ्या दुकानांच्या इमारतीत शिरला. तिथं सरकत्या जिन्याखाली नवं यंत्र होतं, चढलं की गाणं वाजायचं आणि बाईच्या आवाजात बोलायचं. तो बूट काढून, पट्टा काढून, खिशातल्या किल्ल्या जमिनीवर ठेवून चढला. मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर आलेला. "अभिनंदन," यंत्र म्हणालं, "आपलं वजन एकोणनव्वद किलो. आपण आज छान दिसता." अंगठ्याचं नख पिवळं, जाड, कडेला चिरलेलं होतं. शेजारी एक बाप लेकराला उचलून रांगेत उभा होता, त्यानं तोंड फिरवून हसू दाबलं. पट्टा हातात धरून, पँट सावरत तो बाहेर आला. एकोणनव्वद. खोटं, पण बरं खोटं. मग माल पाठवणाऱ्या कंपनीचं कार्यालय. तिथल्या काट्यावर सरकारी शिक्का होता. शिशाची ती गोळी त्याला लांबूनही ओळखू आली. खिडकीतला कारकून वैतागला. "माणसं मोजत नाही आम्ही." "एकदाच, साहेब. आपण एका धंद्यातले. मी पण काट्यावरच असतो." "मग तिकडं चढा की." "तो दहा-दहा किलोनं सांगतो हो. मी चढलो काय, उतरलो काय, त्याला पत्ता नसतो." कारकुनानं चष्म्यावरून त्याला वरखाली पाहिलं. "चढा. पण पोटावर पत्ता लिहून घ्या, नाहीतर हमाल लोक गाडीत टाकतील." पंच्याण्णव. आकडा हलला नाही, थरथरला नाही. कारकून म्हणाला, "माल नाजूक आहे का?" आणि स्वतःच्या विनोदावर खोकेपर्यंत हसला.

पंच्याण्णव. म्हणजे तीन किलो. पाच महिन्यांचं नाटक, दीडशे दिवसांच्या उकडलेल्या भाज्या, दादाच्या गळ्यातून फोनवर निघालेले ते हुंदके, सगळ्याचं निव्वळ वजन तीन किलो. फुटपाथवर उभं राहून त्यानं काय करावं? त्यानं सरासरी काढली. वीस वर्षं काट्यावर घालवलेल्या माणसानं चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद आणि पंच्याण्णव यांची बेरीज करून तिनानं भागलं. एखादा ड्रायव्हर असं बोलला असता तर त्यानं त्याला केबिनबाहेर हाकललं असतं. एकोणनव्वद आणि वर थोडं आलं. मग त्याला वाटलं, शेवटचा काटा खोक्यांसाठी आहे, माणसासाठी नाही. तो धरायला नको. तो सोडला तर साडेशहाऐंशी. आणखी एक बरा काटा मिळाला की पंच्याऐंशीच्या खाली! उपास नको, व्यायाम नको. नुसतं या यंत्रावरून त्या यंत्रावर हिंडत त्यानं तासाभरात साडेआठ किलो उतरवले होते. तो खरोखरच इकडेतिकडे बघू लागला, कुठं यंत्र दिसतंय का. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. छातीखालच्या वळ्या एकमेकींना चिकटून सुटताना बारीक आवाज करत होत्या, ओल्या चपलेसारखा. तो आवाज आपल्याशिवाय कुणाला येत नाही हेच काय ते सुख.

दादासुद्धा वजनाचाच माणूस झाला होता. यंत्राला लावायच्या आधी त्याचं वजन करायचे, सोडल्यावर करायचे. मधला फरक म्हणजे त्याच्या अंगात साठलेलं पाणी. दोन किलो, अडीच किलो. उन्हाळ्यात एकदा चार, कारण त्यानं चोरून नळाला तोंड लावलं होतं आणि काट्यानं चहाडी केली. "आमचा काटा लई खडूस आहे," दादा सांगायचा. "ग्लासभर जास्त प्यालो तरी पकडतो. ये एकदा मंगळवारी, चढ आमच्या काट्यावर, बघू तरी माझा ढोल्या किती वाळलाय." हे तो तीनदा म्हणाला होता. पहिल्यांदा गाड्यांची गर्दी होती. दुसऱ्यांदा पाय मुरगळला होता. तिसऱ्यांदा काय होतं ते आता आठवत नव्हतं, काहीतरी होतंच. लहानपणी नदीत दादा आधी उडी मारायचा आणि खालून ओरडायचा, "ये, खोल नाही." हा काठावर उभा राहून सांगायचा, मला सर्दी आहे. वर्षभर सर्दी. दादानं कधी ओढलं नाही, कधी चिडवलं नाही, ओला होऊन वर यायचा आणि याचे कोरडे कपडे याच्याच हातात बघून म्हणायचा, बरं झालं, तू होतास म्हणून कपडे राहिले. त्या चांगुलपणाचा त्याला तेव्हाही राग यायचा. आता त्या रागाला वास आला होता.

इस्पितळात पावणेअकराला तो संडासात शिरला. मुतून घेतलं, त्यातून किती उतरेल याचा हिशेब केला. मग कडी लावून घशात दोन बोटं घातली. सकाळपासून पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं कडू पाणी आलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं, आणि बोटावर अजून तो फळीखालचा वास होता हे घशाला कळलं. भांड्याच्या कडेला कुणाचं तरी वाळलेलं होतं. त्याच्यासमोर गुडघे टेकून, कपाळाला घाम, नाकाला शेंबूड, तो मनात म्हणाला, देतोय ना, प्रयत्न करतोय ना. कुणाला ऐकवत होता? तोंड धुताना आरशात त्याला दोन गाल दिसले, तुकतुकीत, पोसलेले. दुःखाचा मागमूस नव्हता त्यांच्यावर.

वजनाची खोली रक्त धुण्याच्या विभागाला लागूनच होती. काटा जमिनीत बसवलेला, खुर्चीसकट रोगी चढवता यावा असा रुंद. गाड्यांच्या काट्याचंच पिल्लू. पाहताक्षणी त्यानं चारी बाजूंची फट पाहिली. स्वच्छ. बोट नव्हे, नख घातलं तरी मळ लागला नसता. सिस्टर कागद घेऊन उभी होती. "बूट काढा. चढा. भिंतीला हात नको." तो चढला, आणि त्याच्या उजव्या पायानं, त्याला न विचारता, टाच मागं सरकवून काट्याच्या कडेबाहेर जमिनीवर टेकवली. मागचं चाक बाहेर ठेवायची ही ड्रायव्हरांची सगळ्यात जुनी, सगळ्यात गावठी युक्ती. यासाठी त्यानं माणसांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या. "टाच आत," सिस्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाली. त्यानं टाच आत घेतली. "हे काय चाललंय? बाहेर टेकून पाणी चोरणारे म्हातारे असतात आमच्याकडे, तुम्ही तर द्यायला आलाय ना?" तो हसला. हसणं एकट्याचंच झालं. "पंच्याण्णव पूर्णांक चार," ती म्हणाली आणि लिहिलं. "परत एकदा बघता का?" "उतरा. चढा." पंच्याण्णव पूर्णांक चार. आधीच्या नोंदीवर तिचं बोट गेलं, आणि तिचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज ऐकवेना. "डॉक्टरांना दाखवते. पण ऑपरेशनची तारीख आता नाही मिळायची हो. तोवर आत भावाला भेटून घ्या."

आणि तेव्हाच ते झालं. ज्याच्याविषयी तो पुढं कधी कुणाशी बोलणार नव्हता, बायकोशीही नाही. बूट घालायला तो बाकावर बसला आणि त्याच्या बरगडीखाली, मागच्या बाजूला, पाच महिने आवळून धरलेली मूठ सुटली. श्वास खोल गेला, थेट तळापर्यंत. खिडकीतून येणारा वारा गार लागला. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीच्या पोरानं दिलेल्या शिंकेवर त्याला हसू आलं. आपण आनंदात आहोत हे कळायला त्याला दोन्ही बूट घालून होईपर्यंतचा वेळ लागला. मग किळस आली; पण आनंद गेला नाही. दोन्ही एकाच भांड्यात, दुधात माशी तशी. आणि माशी काढून दूध प्यावं असा तो माणूस होता, हे त्याला आता कुठल्याही काट्याशिवाय कळलं होतं.

दादा खाटेवर होता. मानेतली नळी, शेजारी फिरणारी चाकं, नळीतून गडद रक्त जाताना दिसत होतं. चेहरा सुजलेला, हात काडीसारखे. "किती?" दादानं विचारलं. वाटेत त्यानं वाक्य तयार केलं होतं आणि ते तोंडातून घरंगळलंच: "अरे, यांचा काटा बिघडलाय. जास्त दाखवतो. मी बाहेर तीन ठिकाणी बघितलं."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. यंत्राची चाकं फिरत होती. "याच काट्यावर दोन वर्षं हे माझ्यातलं पाणी काढतात, ढोल्या," तो हळू म्हणाला. "जास्त दाखवत असता तर जास्त काढलं असतं. आठ दिवसांत वाळून गेलो असतो."

"तसं नाही रे दादा."

"मग कसं?"

दादानं डोळे मिटले, उघडले. "तुला नको होतं तर म्हणायचं होतंस. मी काय ओढून घेणार होतो? नाही म्हटलं असतंस तर मूत्रपिंडासाठीच्या यादीत तरी नाव घातलं असतं. पाच महिने पुढं असतो." आवाज चढला नव्हता. मानेत नळी असताना माणसाला आवाज चढवता येत नाही. "फोन कशाला करायचास रे? प्रत्येक फोनला मी हिच्यासमोर रडलो."

पडदा सरकवून वहिनी आली. जिने चढून तिला धाप लागली होती, डोळे रात्रभर जागल्यासारखे, तरी तोंड उजळलेलं. हातात डबा होता. "भावजी, आलात? वजनासाठी सकाळपासून उपाशी असाल, मला माहीत होतं. आता झालं ना सगळं? आता खा पोटभर. आजचा दिवस काही म्हणायचं नाही डॉक्टरांनी." तिनं त्याच्या मांडीवर रुमाल पसरला, वर डबा ठेवला, झाकण काढलं. उकडलेली अंडी, सोललेली, गुळगुळीत, पाव, मिठाची पुडी. आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. एवढं, की गिळावं लागलं, आणि गिळल्याचा आवाज दादानं ऐकला.

"किती भरलं, भावजी?" वहिनीनं विचारलं. "मी काही आकड्यातलं समजत नाही, पण खाली आलं ना?"

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा छताकडे बघत होता. तो काही सांगणार नव्हता, याच्या वाटचं तर नाहीच. वहिनी झाकण हातात धरून उभी होती. उत्तर द्यायचं होतं. त्यानं अंडं उचललं आणि अख्खं तोंडात घातलं. पिवळं कोरडं घशाला चिकटलं, मीठ जिभेवर फुटलं, आणि ते चांगलं लागलं, इतकं चांगलं की डोळे आपोआप मिटले. वहिनी हसली. "अगं बाई, केवढी भूक! खा, खा. मग सांगा." तो चावत होता. शक्य तितकं सावकाश. नळीतून रक्त जात होतं आणि येत होतं. ती वाट बघत होती, आणि हळूहळू, दादाच्या न हलणाऱ्या तोंडाकडे आणि याच्या हलणाऱ्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत, तिचं हसू जिथल्या तिथं थांबलं. घास संपत आला. त्यानं खाली न बघता डब्यात हात घातला, बोटांना दुसरं अंडं लागलं, आणि पहिलं गिळायच्या आत त्यानं ते तोंडात कोंबलं.